भिंतीतल्या भोकाची चौकट

हेइनोलाच्या शाळेचं तळघर,
दर मंगळवारी सहा ते नऊ.
नोव्हेंबरचा अंधार तीनलाच पडलेला.
आत ट्यूबलाइट, बर्चचा भुसा
आणि रायली केत्तुनेन,
जी एका संध्याकाळी
मोजून चाळीसेक वाक्यं बोलते.

पहिलं वाक्य : बाही.
माझ्या स्वेटरची बाही
तिनं स्वतःच कोपराच्या वर सरकवली.
लोकरीचं काय होतं ते सांगितलं नाही.
हातमोजे?
काढ.
थंडी आहे.
असू दे.

दुसरं वाक्य : प्लग.
कटर बदलताना वायर खांद्यावर टाक,
प्लग छातीवर लोंबू दे,
मला तिथून दिसला पाहिजे.

दांडा कोलेटमध्ये पार तळापर्यंत घालायचा,
मग केसभर वर घ्यायचा, मगच पाना.
तळाला टेकलेला दांडा
घट्ट बसल्याचं सोंग करतो.
मग हातानं एक फेरा,
कुठं घासत नाही ना, बघायला.
आणि कटर थोराड असेल तर वेग उतरव.
जाड माणसाला जिन्यावर पळवू नये.

टेबलामागच्या भिंतीत एक भोक आहे,
अंड्याएवढं,
आणि त्याच्याभोवती एक सुरेख चौकट,
अल्डरची, गोलाकार कंगोऱ्याची,
आत चित्र नाही, फुटका गिलावाच.
विचारायचं राहून गेलं.
आमच्याकडे विचारणं हे
न बोलावता सौनात शिरण्यासारखं.

तिसरं वाक्य तिनं दोनदा म्हटलं :
उजवीकडून डावीकडे.
कटर तुझ्याकडे धावून येतो,
तू त्याच्या तोंडावर चालत जा.
त्याच्या सोबतीनं गेलास
तर लाकूड तुझं राहत नाही.

एकतीस वर्षं बस चालवली मी,
लाहती–हेइनोला, बर्फात, धुक्यात.
एकेरी रस्ता मला कोण शिकवणार.
डोक्यावर कानपट्टे, डोळ्यांवर गॉगल,
हातात दाबफळी,
पट्टी आडपट्टीला चिकटवून
अगदी शहाण्यासारखी पुढं नेली.
थोडं थोडं, तीन वेळा.
कंगोरा उतरला, लोण्यासारखा.

मग शेवटच्या वितीत
जरा लव राहिलेली दिसली.
तेवढीच पुसून घ्यावी म्हणून
पट्टी मागं ओढली.
डावीकडून उजवीकडे.
एक वीत फक्त.

आवाज आधी की धक्का आधी,
सांगता येत नाही.
पट्टी हातात नव्हती.
हात जिथं असायला हवा होता
तिथं दाबफळी होती,
तिचा एक कान उडालेला.

रायलीनं बटण दाबलं.
काही बोलली नाही.
आम्ही दोघं कटर थांबायची वाट पाहत राहिलो.
बंद केल्यावरही तो फिरतो,
आवाज न करता,
ते मला तोवर कधी दिसलं नव्हतं.

आहती मुस्ताय्यार्वी, कागद गिरणीतून निवृत्त,
पलीकडच्या बाकावरून म्हणाला,
आता दोन झाली.
खरंच दोन झाली होती.
नवं भोक जुन्याच्या डावीकडे,
थोडं लहान.

पहिलं माझं, रायली म्हणाली.
चौऱ्याण्णव साली.
इवलासा तुकडा होता,
आडपट्टी आणि कटर यांच्या मध्ये कोंबला मी.
मोठ्या फळीवर कोरून मग कापायला हवा होता.
घाई होती.
कशाची, ते आता आठवत नाही.

एवढी वाक्यं तिच्या
दोन मंगळवारांची झाली.

मग तिनं भंगारातून अल्डरची फळी काढली,
मोजपट्टी माझ्यापुढं सरकवली.
तुझ्या भोकाचं माप घे.

आज ती चौकट लावली.
जवळून बघितलं तर
उजव्या खालच्या कोपऱ्यात एक काळा डाग आहे,
जळका, नखाएवढा.
लाकूड कटरपाशी थांबलं की असं होतं.
तिथं मी क्षणभर थांबलो होतो,
माझीच बोटं बघत.

घासून काढू का, मी विचारलं.
रायली कॉफी ओतत होती.
तिच्या चौकटीला असाच डाग आहे,
वरच्या बाजूला,
इतके आठवडे मला सावलीच वाटला होता.